ताईची दुरुस्ती

शिवणाच्या बाई दुकानात आल्या त्या कुबडी टेकत. डाव्या पायाला घोट्यापर्यंत बँडेज होतं. खुर्चीत बसून त्यांनी आधी दम खाल्ला, मग पिशवीतून आपला डावा जोडा काढून काउंटरवर ठेवला. जाड तळाचा, उंच टाचेचा, याच दुकानात तयार झालेला जोडा. त्याला शेवटचं पॉलिश काउंटरमागे उभ्या असलेल्या धाकट्यानेच केलं होतं.

“करंगळी काढावी लागली,” बाई म्हणाल्या. “आता उरलेल्या बोटांना बसेल असा करून द्या.”

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं, असं धाकट्याला वाटलं. भांडायला आलेल्या गिऱ्हाइकाला खुर्ची द्यावी, पाणी द्यावं, चार गोष्टी ऐकून घ्याव्यात, हे त्याला जमत असे. न भांडणाऱ्या माणसापुढे काय करायचं हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं.

बाईंचा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड होता, म्हणून त्या पायाला उंच जोडा. त्यात मधुमेह जुना, पायाच्या बोटांतली जाणीव गेलेली. नवा जोडा आतून करंगळीला घासत होता आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. शिवणयंत्राचं पायडल मारता मारता मोजा हाताला ओला लागला तेव्हा त्यांना वाटलं, पाणी सांडलं असेल. दवाखान्यात गेल्या तोवर उशीर झाला होता. हे सगळं त्यांनी सांगितलं ते असं, की जणू एखाद्या उसवलेल्या शिवणीबद्दल बोलताहेत.

बोलणं ऐकून मागच्या खोलीतून अप्पा आले. धाकट्याचे वडील. डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, काळा चष्मा अजून उतरला नव्हता. त्यांनी काही न विचारता जोडा उचलला, आत दोन बोटं घातली, आणि करंगळीच्या जागी ती बोटं थबकली.

“चूक माझी आहे, बाई,” अप्पा म्हणाले. “माझ्या हातून राहिलं.”

धाकटा चक्रावला. हा जोडा तयार झाला तेव्हा अप्पा वरच्या मजल्यावर डोळ्यांत औषध घालून पडून होते. त्यांचा हात या जोड्याला लागलाच नव्हता, मग राहायचं काय होतं? पण अप्पा एकदा गप्प झाले की त्यांच्याकडून शब्द काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं. नवं माप घ्यायला घरी येतो असं बाईंना सांगून धाकट्याने त्यांना रिक्षात बसवून दिलं आणि तो मागच्या खोलीत, मशीनपाशी गेला.

या दुकानात वाकड्या, आखूड, अधू पायांचे जोडे होतात. अप्पा हा धंदा शिकले तेच पोरीच्या पायावर. ती धाकट्याची ताई, तिचा डावा पाय जन्मापासून आखूड. तिच्यासाठी उंच जोडा करता करता अप्पा इतरांचेही करू लागले. पूर्वी ते पायाचा आकार कागदावर उतरवून रापीने कातडं कापत. मग दोन्ही मुलं कॉम्प्युटर शिकून आली आणि त्यांनी कातडं कापायचं मशीन आणलं. मापं भरायचा पडदा, मशीनचं पातं चालवणं, हा प्रोग्रॅम धाकट्याचा. पण पायाच्या मापावरून कातड्याचे तुकडे कोणत्या आकाराचे निघायला हवेत, हे सगळं गणित ताईचं. तिने ते वेगळं ठेवलं होतं, एका लायब्ररीत, म्हणजे प्रोग्रॅमला लागणाऱ्या तयार कोडच्या फाइलीत. दुकानाचं डोकं ते होतं. धाकट्याच्या वाट्याला हातपाय आले होते, आणि हे ताई त्याला कधी विसरू देत नसे.

लायब्ररी प्रोग्रॅमला दोन तऱ्हांनी जोडता येते. एक तर तिचा सगळा कोड प्रोग्रॅमच्या पोटात घालून एकच फाइल करायची. मग त्याला बाहेरचं काही लागत नाही, पण आत जे गेलं ते तसंच राहतं. हे स्टॅटिक लिंकिंग. नाहीतर लायब्ररीची फाइल बाहेरच ठेवायची आणि प्रोग्रॅमला फक्त तिचं नाव आणि जागा सांगायची. दर वेळी सुरू होताना तो तिथे जाऊन तिला शोधतो आणि कामाला लावतो. हे डायनॅमिक. यावरून बहीणभावांची जी जुंपायची ती दुकानभर ऐकू यायची.

धाकटा स्टॅटिकवाला. सगळं जवळ असावं, कोणावर अवलंबून राहू नये. ताईने त्याचं नाव गाठोडेराव ठेवलं होतं. लग्नाला जातानासुद्धा हा घरून उशी नेईल, म्हणायची. तिचं म्हणणं साधं होतं. पाय बदलतात, माणसं बदलतात, माझं गणितही रोज थोडं सुधारणार. फाइल बाहेर असली तर मी तेवढी बदलीन, तुला प्रोग्रॅम पुन्हा बांधत बसायला नको, आणि पुढचा जोडा आपोआप सुधारलेला निघेल.

“आणि एक दिवस बाहेरची फाइल बाहेर नसली तर?” धाकट्याने विचारलं होतं.

“नसायला काय झालं? मी कुठे जातेय?”

ताई मोठी होती आणि तिचा आवाजही मोठा होता, तेव्हा डायनॅमिक ठरलं. ती वरच्या मजल्यावर बसून काहीतरी सुधारायची, फाइल जागेवर टाकायची आणि जिन्यातून ओरडायची, “मशीन एकदा बंद करून चालू कर.” झालं काम. धाकटा कुरकुरत बटण दाबायचा आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं.

मग तिला रक्ताचा आजार झाला. औषधं जबर होती. एकदा अंगात ताप असतानाच तिने नीट न तपासलेली फाइल टाकली आणि मशीनने एक अख्खं उत्तम कातडं कापून भलतेच तुकडे काढले. “हत्तीचे जोडे झाले रे,” म्हणून ती स्वतःच हसत सुटली. धाकटाही हसला. पण मनातून तो घाबरला. ताईचं डोकं आता पहिल्यासारखं चालणार नाही, उद्या कोणाच्या पायाशी खेळ होईल, हे त्याच्या मनाने घेतलं. त्या दिवशी ती झोपल्यावर त्याने तिची आधीची चांगली फाइल घेतली, तिचा कोड प्रोग्रॅमच्या पोटात घातला आणि सगळं एक करून टाकलं. बाहेरची फाइल जागेवरच ठेवली, तिला संशय नको म्हणून. प्रोग्रॅम मात्र आता तिच्याकडे ढुंकूनही बघणार नव्हता.

कोणाला सांगितलं नाही. स्वतःला सांगितलं की ही काळजी आहे. काळजी होतीच ती, पण तिच्यात अविश्वासही मिसळलेला होता, आणि तेवढाच भाग त्याने नजरेआड केला.

ताई दवाखान्यात भरती झाली तेव्हा त्याने तिला सक्त ताकीद दिली की लॅपटॉप उघडायचा नाही, आराम करायचा. तिथून ती परत आली नाही. तिच्या मागे धाकट्याला आपल्या त्या शहाणपणाचं उलट समाधानच वाटायचं. कॉम्प्युटर बदलो, काही होवो, ताई मशीनच्या पोटात सुखरूप होती. तिला तिथून आता कोणी हलवू शकत नव्हतं. तिचा फोल्डर त्याने पुन्हा उघडला नाही. उघडायची गरजच नव्हती, आणि धीरही नव्हता.

आता मशीनपुढे बसून त्याने शिवणाच्या बाईंची मापं काढली. मापं बरोबर होती. पातं बरोबर चाललं होतं. राहता राहिलं गणित. त्याने पडद्यावर डाव्या जोड्याच्या वरच्या कातड्याचा आकार बघितला आणि त्याला दिसलं. टाच इतकी उंच केली की पाय पुढे घसरतो, करंगळी कडेला दाबली जाते, तिथे कातड्याला जास्त जागा लागते. ती जागा आकारात दिलेलीच नव्हती. उंच जोड्यांपैकी एकातही नव्हती. म्हणजे ताईचं चुकलं होतं. ताई चुकू शकते हे तो धरून चालला होता, पण मनातून त्याला स्वतःला ते खरं वाटत नव्हतं असं त्याला आता कळलं.

चूक सुधारायची तर तिचा फोल्डर उघडायला हवा होता. त्याच्या जिवावर आलं. तरी उघडला.

तिचं लिहिणं तिच्या बोलण्यासारखंच होतं, भराभर आणि नेमकं. वाचता वाचता तो टाचेच्या उंचीपाशी आला आणि थांबला. जी जागा नव्हती म्हणून एका बाईचं बोट गेलं, ती जागा इथे दिलेली होती. टाच जितकी उंच तितकी करंगळीवर जागा जास्त, असं स्पष्ट लिहिलेलं. नुसतं लिहिलेलं नव्हतं, वेगवेगळ्या पायांची मापं घालून तपासलेलंही होतं. त्यातला एक पाय त्याने लगेच ओळखला. तो ताईचा स्वतःचा डावा पाय होता. फाइलवरची तारीख दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांतली होती.

मग मशीनने हे ऐकलं का नाही, असा प्रश्न त्याला पडला, आणि पडतो न पडतो तोच त्याला उत्तर आठवलं. मशीनला हे ऐकू जाऊ नये याची व्यवस्था त्यानेच केली होती. ताईने मरता मरता केलेली दुरुस्ती ठरलेल्या जागी, ठरलेल्या नावाने, नीट ठेवलेली होती. तिथे जाऊन तिला विचारणारं कोणी नव्हतं.

अप्पा त्यांच्या पाटावर बसले होते. समोर लाकडी फर्मा, म्हणजे ज्याच्यावर कातडं ताणून जोडा घडवतात तो पायाचा साचा. चष्मा कपाळावर चढवून ते फर्म्याच्या करंगळीवर चामड्याची एक छोटी चकती चिकटवत होते. धाकट्याने ती चकती पूर्वीही पाहिली होती. म्हाताऱ्या कारागिरांच्या काहीतरी सवयी असतात, एवढंच त्याला वाटलं होतं.

“अप्पा, ही चकती कशासाठी?”

“काही नाही. सवय.”

“उंच जोड्यालाच का लावता?”

अप्पांचा हात थांबला. मग त्यांनी फर्मा मांडीवर घेतला आणि त्याच्याकडेच बघत, तुटक तुटक सांगायला लागले.

दवाखान्यात एकदा नर्स ताईचे पाय पुसत होती. डाव्या करंगळीवरचा काळा घट्टा बघून तिने विचारलं, हे कशाने झालं? ताईला वाटायचं आपला पायच तसा. पण पडल्या पडल्या तिने आठवून बघितलं, तर अप्पांच्या हातच्या जोड्यांनी तिला कधी घट्टा पडला नव्हता. तो पडला मशीन आल्यापासून. मग उशीखालचा लॅपटॉप निघाला. काम झाल्यावर तिने दुकानात फोन केला. अप्पा, इथूनच फाइल टाकलीय, मशीन एकदा बंद करून चालू करा आणि एखादा उंच जोडा कापून बघा. गाठोडेरावांना कळू देऊ नका, ओरडतील.

“मी केलं तसं,” अप्पा म्हणाले. “जोडा पहिल्यासारखाच आला. काही फरक नाही. मला वाटलं, पोरगी थकलीय, आता तिला जमत नाही. फोनवर ती विचारतेय, अप्पा, कसा आलाय? मी म्हटलं, अगदी बरोबर आलाय गं. त्या दिवशी ती पोटभर जेवली.”



मागाहून तरी कोणाला कशाला सांगायचं, असं अप्पांनी ठरवलं होतं. गेलेल्या पोरीच्या नावाला बोल लागायला नको. मशीन चुकीचं कापतंय तर कापू दे, आपण चकती लावून, कातडं भिजवून, तिथे हाताने ताणून घ्यायचं. तेव्हापासून दुकानातून बाहेर गेलेला प्रत्येक उंच जोडा त्यांनी असा गुपचूप नीट केला होता. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पडून होते तेवढ्यात शिवणाच्या बाईंचा जोडा निघाला आणि चकतीविना गेला. धाकट्याला आता सावध करावं, असं त्यांच्या मनात अनेकदा आलं होतं. पण सावध करायचं म्हणजे ताईची चूक सांगायची. ते त्यांच्याने झालं नाही.

“तिची चूक नव्हती,” धाकटा म्हणाला. “फाइल बरोबर आहे, अप्पा. मी आत्ता बघितली. मशीन तिची फाइल बघतच नव्हतं. मी ते तोडून टाकलं होतं. ती आजारी होती म्हणून. ते हत्तीचे जोडे झाले, त्यानंतर.”

अप्पांना स्टॅटिक-डायनॅमिक काही कळत नव्हतं, पण ताई जिन्यातून ओरडली की जोडा सुधारायचा हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. ते समजायला त्यांना वेळ लागला नाही.

“मग इतके दिवस मी कोणाची चूक निस्तरत होतो?”

“माझी.”

अप्पा रागावले नाहीत. रागावण्याइतकी ताकद त्यांच्यात उरली नव्हती. अगदी हळू आवाजात ते एवढंच म्हणाले की आपण दोघांनीही तिचं डोकंही आजारी धरलं. हे धाकट्याच्या काळजात घुसलं ते कायमचं. एकाने तिला दाराबाहेर ठेवलं, दुसऱ्याने ती आत आली आणि चुकली असं मानलं. दोघांचंही तिच्यावर जिवापाड प्रेम होतं. तिच्यावर विश्वास मात्र दोघांनीही ठेवला नव्हता.

धाकट्याने प्रोग्रॅम पुन्हा बांधला. पोटातला ताईचा जुना कोड काढला, तिच्या फाइलची जागा पूर्वीसारखी सांगितली. मशीन सुरू केलं आणि शिवणाच्या बाईंच्या जुन्याच मापाचा डावा जोडा कापायला लावला. अप्पांनी चकती काढून टाकलेल्या फर्म्यावर कातडं चढवलं, ताणलं, करंगळीपाशी अंगठा फिरवला. ताणण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. कातडं तिथे मोकळं, गुळगुळीत बसलं होतं.

“बरोबर आलाय गं,” अप्पा म्हणाले. धाकट्याला नव्हे. मग त्यांनी काळा चष्मा डोळ्यांवर ओढून घेतला, पण डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून बजावलेले डोळे चष्म्याखालून वाहायला लागले, आणि धाकटा त्यांच्या पाटाशेजारी जमिनीवर बसून लहान मुलासारखा रडला. जोडा अगदी बरोबर होता. ज्या पायासाठी होता तो पाय आता तसा राहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो बाईंच्या घरी माप घ्यायला गेला. खोलीत कपड्यांच्या थप्प्या, खिडकीशी शिवणयंत्र. यंत्रावर कापड अर्धवट शिवून तसंच राहिलं होतं. मलमपट्टी बदलताना त्याने तो पाय बघितला आणि नजर न चुकवता माप घेतलं. मग सगळं सांगितलं. बहिणीने स्वतःच्यासारख्या पायांसाठी दुरुस्ती करून ठेवली होती, ती माझ्यामुळे तुमच्या जोड्यात आली नाही. वडिलांची काही चूक नाही.

बाईंनी पाय खाली घेतला. “तुम्ही सांगितलं नसतं तरी चाललं असतं,” त्या म्हणाल्या. “नशीब म्हणून सोडून दिलं होतं मी. आता रोज वाटेल, बोट वाचलं असतं.”

त्याने मापाची फीत गुंडाळली. जायला उठला तेव्हा त्यांनी विचारलं की बहीण स्वतः चालायची कशी, फार लंगडायची का? अप्पांचा जोडा पायात असला की अजिबात नाही, असं त्याने सांगितलं. बाईंनी मान हलवली आणि त्या यंत्राकडे बघत राहिल्या.

दुकानात येऊन त्याने मापं भरली, पण मशीनने ती घेतली नाहीत. ताईच्या गणितात पायाला पाच बोटं होती. करंगळी नसलेला पाय तिने कल्पनेतही आणला नव्हता, आणि आता आणायला ती नव्हती. तिच्या फाइलीत कोणीतरी हात घालायला हवा होता. म्हणजे तिचं शेवटचं लिहिणं शेवटचं राहणार नव्हतं, त्याच्यानंतर दुसऱ्याचं लिहिणं येणार होतं. क्षणभर धाकट्याला वाटलं की ही फाइल अशीच जपून ठेवावी, बाईंचा जोडा अप्पांकडून हाताने करून घ्यावा. हे वाटल्याबरोबर त्याला स्वतःचीच भीती वाटली. असंच तर त्याने मागच्या वेळी केलं होतं.

तो लिहायला बसला. बोटं पाचाऐवजी किती आहेत ते विचारायचं, रिकाम्या जागेत मऊ भर किती हवी ते अप्पांना विचारून घालायचं, शेजारच्या बोटावर ताण येऊ द्यायचा नाही. ताईने दोन ओळींत उरकलं असतं तिथे त्याला पानभर लागलं. तिच्या नेमक्या ओळींच्या मधोमध त्याच्या ओबडधोबड ओळी बसल्या. त्याने एकूणएक पायांच्या मापांवर तपासून बघितलं, ताईच्या डाव्या पायावरही, आणि फाइल तिच्या नेहमीच्या जागी ठेवली, बाहेर.

अप्पा मशीनपाशी येऊन उभे होते. झालं का, असं त्यांनी मानेनेच विचारलं.

“झालं,” धाकटा म्हणाला. “मशीन एकदा बंद करून चालू करा.”

अप्पांनी बटण दाबलं, आणि मशीन जागं होऊन तिची फाइल शोधेपर्यंत दोघं तिथेच उभे राहिले.